बल्लारपूरच्या उन्हातला स्वेटर

मी एक जुना, जाड लोकरीचा, मरून रंगाचा स्वेटर आहे. कोपराला ठिगळ आहे, खालचं बटण मूळचं नाही. पण मित्रांनो, एवढ्यावरून मला मोडीत काढू नका. भर दुपारी, बल्लारपूरच्या उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावून ऐटीत बसलेला दुसरा स्वेटर दाखवा आणि मग बोला!

माझा जन्म दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीच्या हिरवळीवर झाला. हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बायका उन्हात बसून शेंगदाणे खात आणि विणत. त्यांच्यात आमच्या कमलाबाई होत्या. त्या मूळच्या बल्लारपूरच्या. माहेरी कुणी विणायच्या सुया हातात धरल्या नव्हत्या, कारण स्वेटर लागतो कुणाला? पण कमलाबाई हट्टाला पेटल्या. करोल बागेतून लोकर आणली, शेजारच्या टेबलावरच्या सरदारणीकडून सुलट-उलट टाके शिकल्या आणि कितीदा तरी मला उसवून पुन्हा विणलं.

हा खटाटोप त्यांच्या आईसाठी, भीमाबाईंसाठी होता. कमलाबाईंचे वडील गुलाबराव गेल्यापासून भीमाबाई बल्लारपूरला एकट्या राहत. पावसाळ्यात तापानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा शेजाऱ्यांना कळायलाही दुसरा दिवस उजाडला. तेव्हापासून कमलाबाईंना घास गोड लागेना. त्या सुमाराला यमुनेपलीकडे सोसायट्यांच्या इमारती भराभर उठत होत्या. कमलाबाई आणि त्यांचे यजमान सुखदेव यांनाही मयूर विहारला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला होता. आता आई इथेच राहावी, एवढंच त्यांचं म्हणणं. पण भीमाबाईंचं उत्तर ठरलेलं असे, दिल्लीच्या थंडीत माझी हाडं राहतील, मी काही येत नाही. त्या उत्तराला उत्तर म्हणजे मी.

नाताळची सुट्टी लागली आणि सगळे बल्लारपूरला निघाले. दिल्लीत धुकं एवढं की गाडी सुटता सुटेना. नागपूर आलं तशी एकेकाच्या अंगावरची लोकर उतरू लागली. आधी कमलाबाईंच्या लेकीची, छोट्या रोशनीची टोपी, मग सुखदेवांचा मफलर. बल्लारपूरला उतरलो तेव्हा लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत हिंडत होते. पिशवीतल्या पिशवीत मला घाम फुटला.

भीमाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कमलाबाईंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. शेजारच्या विजयाबाई पोट धरधरून हसल्या. म्हातारीला उकडून काढता की काय, म्हणाल्या. भीमाबाईंनी मला कुरवाळलं, छान आहे म्हणाल्या आणि घडी करून पेटीत ठेवून दिलं. झालं! मी रडकुंडीला आलो. बाहेर हुरडा, संत्री, हसणं-खिदळणं, आणि मी अंधारात. कमलाबाईंनी आईला पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच उत्तर.

निघायचा दिवस जवळ आला. त्या दुपारी अचानक पेटी उघडली. भीमाबाईंनी मला लुगड्यावर चढवलं, सगळी बटणं लावली आणि अंगणातल्या बाजेवर भर उन्हात जाऊन बसल्या. गळ्यावरून घामाच्या धारा लागल्या, पण बाई जागच्या हलतील तर शपथ! मीही श्वास रोखून धरला. गल्ली गोळा झाली. रोशनी धावत आली.

"आजी, इतनी गर्मी में? काढ ना ते!"

"थांब वं. यात जीव घुसमटते का, ते पाहून राहिले," भीमाबाई म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "नाही घुसमटत. कमल, तू एवढे टाके घातले. मले काय एका गाडीत चढता येत नाही? काढ माझं तिकीट."

मित्रांनो, त्या क्षणी मी स्वेटर नव्हतो, शेला होतो शेला! दिल्ली स्टेशनावर लोक कुडकुडत होते आणि आमच्या भीमाबाई सगळ्यांच्या पुढे तरातरा चालत होत्या. मयूर विहारच्या गच्चीवर बायका मला चाचपून विचारत, किसने बुना? भीमाबाईंना हिंदी येत नसे. त्या नुसतं कमलाबाईंकडे बोट दाखवत.

पुढे चेनची हलकी जॅकेटं आली आणि मी माळ्यावर गेलो. एका दिवाळीत तर माझं पायपुसणं करायचं चाललं होतं! म्हणून सांगतो, हातानं विणलेलं काही घरात असेल तर त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला घाला. आणि नुसतं जपू नका, अंगात घाला. अंगात घातल्याशिवाय आम्ही कसल्या कामाचे?

माझी किंमत मात्र मला भीमाबाई दिल्लीला आल्या त्याच्या पुढच्याच नाताळात कळली होती. आम्ही पुन्हा बल्लारपूरला गेलो होतो. निघताना विजयाबाईंनी भीमाबाईंचा हात धरला आणि राहून जायचा आग्रह केला. कमलाबाई दारात उभ्या होत्या. आई राहते की काय, या धास्तीनं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भीमाबाईंनी खुंटीवरून मला काढलं आणि अंगात घातलं.

"नाही वं विजया," त्या म्हणाल्या. "सुट्टी झाली. आता घरी जाते."