नीलव्वाची राहिलेली यादी

मी एक जुना फळा आहे. गदगजवळच्या एका शाळेत माझा जन्म गेला म्हणा ना. सुताराने चार फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि वीस वर्षे माझ्यावर पाढे लिहिले गेले. पुढे माझा एक कोपरा तुटला. शाळेत नवा फळा आला. तेव्हा तिथल्या बाई, नीलव्वा, मला बेटगेरीला आपल्या घरी घेऊन आल्या. त्यांचे यजमान इरप्पा विणकर. त्यांनी मला मागाशेजारच्या भिंतीवर टांगले.

मित्रांनो, त्या घरात मला वर्षातून एकदाच काम असे. एप्रिलात सुट्टी लागली की नीलव्वा, इरप्पा आणि त्यांच्या दोन मुली, शिवलीला व गिरिजा, माझ्यावर उन्हाळा लिहीत. प्रत्येकाने निदान एक मजेची गोष्ट लिहायची आणि निदान एक दुसऱ्याच्या उपयोगाची. नीलव्वा नेहमी सगळ्यांत शेवटी लिहीत. गोष्ट झाली की ज्याची त्याने पुसायची. चिंचा पाडणे, सिनेमा बघणे, शेजारणीचे पाणी भरणे, असे पुष्कळ माझ्यावरून पुसले गेले.

एका मे महिन्यात नीलव्वांना कावीळ झाली. बाराव्या दिवशी त्या गेल्या. घरात बायका आल्या, रडल्या, गेल्या. मला काय वाटले ते सांगता येत नाही. काहीच वाटले नाही बहुतेक. माग बंद होता. माझ्यावर खडूच्या तीन ओळी राहिल्या होत्या, नीलव्वांच्या हातच्या. वर्षभर माझ्यावर धूळ बसली, कुणी फडका लावला नाही.

पुन्हा एप्रिल आला. नऊ वर्षांची गिरिजा ओला फडका घेऊन आली. शिवलीलाने तिचा हात धरला.

"हात लावायचा नाही. अव्वाचं अक्षर आहे ते."

"मग हा उन्हाळा कुठं लिहू, अक्का?"

इरप्पा दारात बसले होते. ते दिवसातून चार शब्द बोलत. ते म्हणाले, "वाच गं, काय काय राहिलंय तिचं?"

गिरिजाने वाचले. भाजीवाल्या गंगम्माला वाचायला शिकवणे. गिरिजाला मागावर बसवणे. आणि तिसरी ओळ: एक दिवस मला काम नाही.

"यंदा नवं नको," इरप्पा म्हणाले. "हेच करू."

शिवलीलाने गंगम्माला शिकवायला घेतले. तिसऱ्या आठवड्यात गंगम्मा बसवरची 'हुबळी' ही पाटी वाचून धावत घरी आली. शिवलीला हसली आणि मग आपण हसलो म्हणून घाबरली. इरप्पांनी बंद माग पुन्हा लावला आणि गिरिजाने वीतभर वाकडे कापड विणले. दोन ओळी पुसल्या गेल्या.

तिसरी कशी करायची ते कुणाला कळेना. शेवटी गिरिजाच म्हणाली, "अव्वाला काम नाही म्हणजे अप्पा, तिची सगळी कामं आपण करायची. पहाटेपासून."

त्या दिवशी इरप्पांनी भाकऱ्या थापल्या, त्या करपल्या. मुलींनी झाडले, सारवले, पाणी भरले, धुणी धुतली. नीलव्वा शाळेला निघायच्या ती वेळ झाली तेव्हा इरप्पा भिंतीला टेकून बसले.

"एवढं करून ती शाळेत जायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, सकाळ अशीच होते."

कुणी रडले नाही. मग शिवलीलाने फडका भिजवला आणि ती ओळ पुसली. तो फडका माझ्यावरून हळू फिरला, एवढेच मला आठवते. मी कोरा झालो.

यंदाच्या एप्रिलात शिवलीलाने खडू आधी वडिलांच्या हातात दिला. "तुम्हाला काय हवंय, अप्पा?" त्यांनी पुष्कळ विचार केला आणि लिहिले: तळ्यात पोहणे.

मित्रांनो, तुम्हीही उन्हाळा आखा. मजेचे लिहा, कुणाच्या कामी येईल तेही लिहा. पण तुमच्या घरात जी व्यक्ती सगळ्यांत शेवटी लिहिते, तिच्या हातात खडू आधी द्या. आणि तिची ओळ त्याच उन्हाळ्यात पुसा.