सातवा खड्डा

पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते. कामशेतजवळ प्रेरणाच्या नव्या बंगल्यामागं, डोंगर कापून केलेल्या उतारावर जाहिदा आणि तिच्याकडे कामाला असलेले अंबाजीआबा करवंद, निर्गुडी लावत होते. जाहिदाची देशी रोपांची नर्सरी होती. उन्हाळ्याआधी मुळं धरावीत म्हणून ती ऑक्टोबरातच लागवड करायची.

सातव्या खड्ड्यात तिनं बादलीभर पाणी ओतलं. ते क्षणात नाहीसं झालं. दुसरी बादलीही तशीच गेली. आबांनी हातानं माती बाजूला सारली, तर खाली कोपरापर्यंत हात जाईल एवढी भेग होती, आणि ती उतारावर आडवी लांबवर गेली होती.

“जमीन तापलीय, मुरलं असेल,” मागच्या दारातून प्रेरणा म्हणाली.

“मुरलं न्हाई, ताई,” आबा म्हणाले. “डोंगर सुटलाय. हितं थांबू नका.”

प्रेरणा हसली. तेवढ्यात आतून तिच्या सासूबाईंनी विचारलं, “स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी कुठून येतंय गं?”

प्रेरणाचं हसू मावळलं. जाहिदानं चिखलाच्या हातांनीच सासूबाईंना धरून बाहेर आणलं. चौघं रस्त्यापर्यंत पोचली, तेव्हा मागं खिडकीची काच तडकली. मग दुसरी.