सासूबाईंचा उंच वाफा

सासूबाईंच्या गुडघ्यांनी वाकायला साफ नकार दिला, तेव्हा जावयाने परसात त्यांच्यासाठी विटांचा उंच वाफा बांधला. जावई पेशाने गवंडी. आठवडाभर लोकांच्या भिंती बांधायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरची, तीही सासूसाठी! पण त्याने काम जीव ओतून केलं. मांडीइतकी उंची, तळाला खडी, पाणी निघायला भोकं, वर भुसभुशीत माती. आता त्यात एक झुडूप तेवढं लावायचं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

आधी त्याने गुलाब आणला.

"काटे कोण सोसणार?" सासूबाई म्हणाल्या.

मग जास्वंद आणली. "हिच्यावर मावा पडतो. औषध कोण मारणार?"

मग कण्हेर. "वेड्यासारखी वाढते. छाटायला कोण, तुम्ही येणार?"

तिन्ही रोपं त्याने मुकाट्याने परत नेली. चौथ्या खेपेला रोपवाटिकेतली बाई त्याला लांबूनच बघून हसली. "हीसुद्धा पसंत नाही?"

"तुम्हीच काय ते द्या," तो कपाळावर हात मारून म्हणाला. "मुळं फार पसरायला नकोत, ऊन सोसलं पाहिजे आणि सासूबाईंना आवडलं पाहिजे."

"पहिल्या दोन गोष्टींची हमी देते," असं म्हणून तिने मोगरा दिला.

सासूबाईंनी मोगऱ्याकडे नाक न नेताच निकाल दिला. "फुलं खाली पडणार. वाकून वेचणार कोण?"

आता मात्र त्याचा तोल गेला. "आई, चार हेलपाटे घातले मी! तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

आवाज ऐकून बायको ओल्या हातांनीच बाहेर आली.

"मला कुणी विचारलं होतं?" सासूबाईही तडकल्या. "पाच पोरं वाढवली, घरातल्या म्हाताऱ्यांची दुखणी काढली, तीस वर्षं दुकानात उभी राहिले. आता कुठे सकाळी उठून कुणाला खाऊपिऊ घालायचं नाही, तर तुम्ही दारात आणखी एक पोर आणून ठेवताय."

"अगं, तुला विरंगुळा म्हणून..." बायको म्हणाली.

"तुझा विरंगुळा तू कर."

जावयाने मोगरा खाली ठेवला. "मग फोडून टाकू का हा वाफा?"

"फोडता कशाला? इतका चांगला बांधलाय." सासूबाई हळूच वाफ्याच्या कडेवर टेकल्या. "खुर्चीतून उठताना जीव जातो माझा. इथून कसं चटकन उठता येतं. तुम्ही कामावर गेलात की मी रोज इथेच उन्हात बसते."

"अहो, मग हे आधी का नाही बोललात?"

"तुम्ही एवढा घाम गाळत होतात. कोणत्या तोंडाने बोलू?"

त्याने दातओठ खाल्ले. मोगरा उचलला आणि पुन्हा रोपवाटिका गाठली. ती बाई तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "पाठीला टोचणार नाही, फारसा कचरा करणार नाही आणि कुणी ढुंकून बघितलं नाही तरी जगेल, असं द्या."

तिने शेफ्लेराचं रोप दिलं. चकचकीत, पंजासारखी पानं. ते त्याने वाफ्यात मागच्या बाजूला लावलं आणि पुढच्या कडेवर रुंद, गुळगुळीत फळी बसवली. सासूबाई बसून बघून "ठीक आहे" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

पाचव्या दिवशी तो पिशवी खांद्याला लावून कामावर निघाला होता. सासूबाई फळीवर बसल्या होत्या.

"अहो जावईबापू, याची पानं मलूल दिसतात. पाणी घातलंत का?"

"तुम्हाला लक्ष घालायचं नव्हतं ना?"

"नव्हतंच. पण माझ्या पाठीमागे तहानेने मेलं तर बरं दिसेल का?"

जावयाने एक लांब श्वास सोडला, पिशवी खाली ठेवली आणि बादली शोधायला वळला.