चेंबरच्या तोंडावरची माझी जागा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी चिंधी आहे, पण फरशी पुसणारी नव्हे. मोटारसायकलचं इंजिन उघडलं की त्याच्या चेंबरच्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीच्या, तोंडात बसते ती मी. धूळ, खरवडलेल्या पॅकिंगचा चुरा, निसटलेला नट, कुणालाही आत जाऊ देत नाही.

माझा जन्म जाड सुती चादरीचा. आमच्या मिस्त्रींच्या आईंनी ती वीस वर्षं धुतली, मग फाडली आणि कडा दुमडून शिवल्या. धागा सुटेल तर शपथ. आम्ही दोघी बहिणी निघालो. थोरलीला मिस्त्रींच्या वडिलांनी एकदा आतच विसरून सिलिंडर बसवला. ती गेली, आणि जाताना इंजिनही घेऊन गेली. तेव्हापासून या घरात रीत पडली. इंजिन बंद करण्याआधी मला बाहेर काढून उंच धरायचं, दारातल्या खुर्चीवरून आईंनी बघायचं आणि म्हणायचं, "दिसली." मगच पुढचं काम. एवढा मान तर घरातल्या जावयालाही नव्हता.

मग सूनबाईंनी टॉवेल आणला. नवा, पांढरा, गुबगुबीत. त्या दिवशी मिस्त्रींनी खोललेली गाडी सूनबाईंच्या वडिलांची होती. त्यांना आता चालवणं होत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरी जाऊन निदान तिचा आवाज तरी ऐकवायचा, असं सूनबाईंनी ठरवलं होतं. बाबांच्या गाडीला जुनेरं कशाला, म्हणाल्या. मिस्त्रींनी मान डोलावली. आईंनी फक्त खुर्ची जरा आवाज करत सरकवली.

मला टांगलं खिळ्याला. माझ्या जागेवर तो पसरला, नवरदेवासारखा. माझा नुसता जळफळाट झाला.

मिस्त्री पिस्टनच्या पिनेचं लॉक बसवत होते. लॉक म्हणजे नखाएवढी तारेची कडी. ती चिमट्यातून उडाली. मिस्त्रींनी जमिनीवर शोधलं, बाकावर शोधलं, चुंबक फिरवलं. कडी आत पडली असेल तर अख्खं इंजिन पुन्हा खोलावं लागणार होतं, म्हणजे माहेर राहिलं. सूनबाई खाली बसून बाकाखाली शोधू लागल्या.

कडी मला दिसत होती. टॉवेलच्या लुसलुशीत फासांत अडकून बसली होती. मला तोंड नाही, मित्रांनो, पण असतं तरी मी गप्प बसले असते. खोटं कशाला सांगू?

"तुझा पाहुणा बस म्हटलं की पसरतो," आई सुनेला म्हणाल्या. "राखण करणं त्याच्या वळणात नाही."

"टोमणे नंतर मारा, आई. आधी ती चिंधी द्या."

"चिंधी काय म्हणतेस? घरातलं माणूस आहे ते."

पण दिली. सूनबाईंनी मला बाकावर सपाट अंथरलं, टॉवेल अलगद उचलून माझ्यावर ठेवला आणि एकेक फास बोटांनी चाचपला. कडी टपकन माझ्यावर पडली. माझ्यावर काही लपत नाही. मग मिस्त्रींनी चेंबरमध्ये बॅटरी मारली, तर आत पांढरे तंतू. ते तसेच राहिले असते तर तेलाची वाट बुजली असती. त्यांनी एकूण एक चिमट्याने वेचले, तेलाने धुऊन काढलं आणि मला माझ्या जागी बसवलं.

लॉक बसलं. मिस्त्रींनी मला उंच धरलं. आईंनी बघितलं आणि मान सुनेकडे वळवली. सुनेला म्हणाल्या, "गाडी तुझ्या बापाची. तूच बघ."

सूनबाई उठल्या, जवळ येऊन मला दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "दिसली."

म्हणून सांगते मित्रांनो, उघडं इंजिन उघडं टाकू नका. झाकाल ते घट्ट विणीच्या कापडाने झाका, आणि काढायला विसरू नका.

टॉवेल आता शेजारच्या खिळ्याला असतो, हात पुसायला. सगळ्यांचे हात तेवढे त्याच्याकडेच जातात. ते काही मला अजून बघवत नाही.