लांब हातांचं वाद्य

बँडच्या बाईंनी तिला ट्रॉम्बोन दिला तो तिचे हात बघून.

सातवीत गेलं की शाळेच्या बँडमध्ये नाव घालता यायचं. वाद्यं वाटायच्या दिवशी बाकीची पोरं काय हवं ते ठरवूनच आली होती. कुणी घरी पियानो शिकत होतं, कुणाचा मामा गिटार वाजवायचा. हिच्या घरात वाद्य म्हणाल तर दाराची बेल, तीही अधूनमधून बंद. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून सगळे तिला शिडी म्हणायचे. आधी ती चिडायची, मग त्या नावाला ओ द्यायला लागली.

"हात पुढे कर," बाई म्हणाल्या. "पूर्ण लांब."

तिने केला.

"बास, ठरलं. ट्रॉम्बोन."

"पण बाई, मला यातलं काहीच येत नाही."

"छान! म्हणजे चुकीचंही काही येत नाही."

ट्रॉम्बोन म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य. त्याला बटणं नसतात. एक लांब नळी पुढेमागे सरकवायची, आणि सूर कुठे लागेल याची त्या नळीवर खूणसुद्धा नसते. तो आपल्या कानाने शोधायचा. सुरुवातीला तिच्या ट्रॉम्बोनमधून नुसती हवा यायची. मग एकदाचा आवाज आला आणि तो असा आला, की क्लॅरिनेटच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "अगं, जरा बाहेर जाऊन ये." सगळा वर्ग खो खो हसला. तीही हसली, पण तिचे कान तापले होते.

घरी वेगळीच पंचाईत. बाबा पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला, म्हणून दुपारी झोपलेले. तिने पहिल्यांदा घरात फुंकर मारली तेव्हा ते उशी काखेत घेऊनच बाहेर आले.

"काय पडलं?"

"काही नाही बाबा. मी सराव करतेय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, वाद्याकडे पाहिलं. "कर हो, कर," असं म्हणून ते परत जाऊन पडले. पण नंतर ते बराच वेळ कूस बदलत राहिले, ते तिला भिंतीपलीकडून कळत होतं.

"उद्यापासून माझ्याबरोबर चल," आई म्हणाली. "आमच्याकडे तोफ उडवलीस तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

आई एका मोठ्या लाँड्रीत होती. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे ढिगाने यायचे. मागच्या खोलीत कपडे वाळवायची यंत्रं दिवसभर घुमत असायची. कोपऱ्यात टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसून शिडी फुंकायला लागली. इस्त्रीवर काम करणाऱ्या मावशींनी आत डोकावून पाहिलं.

"अगं, आईला विचार, तुझ्या या म्हशीला चारा कधी घालायचा!"

पण शिडी रोज जात राहिली. एके दिवशी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. एक यंत्र सदानकदा एकाच सुरात घुमायचं. तिने तोच सूर लावायचा प्रयत्न केला. सुराच्या जवळ गेली की हवा थरथरायची, दोन आवाज एकमेकांशी भांडल्यासारखे. नळी केसभर आत घेतली आणि भांडण एकदम मिटलं. यंत्र कुठलं आणि आपण कोण, हेच कळेना. दम संपेपर्यंत तिने तो सूर सोडला नाही. त्यानंतर तिला नळीवर खुणा नसल्याचं काही वाटेनासं झालं.

वर्षाच्या शेवटी बँडचा कार्यक्रम होता. त्यात एक संथ धून होती, आणि तिच्या मधोमध ट्रॉम्बोनने एकट्याने वाजवायचा तुकडा. तो अर्थातच बँडच्या कॅप्टनचा होता, ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या आठवीतल्या मुलाचा. फुटबॉलच्या टीमचाही तोच कॅप्टन. कार्यक्रम तोंडावर आला आणि त्याच्या दातांना तारा बसवल्या. ओठ टेकवले की कळ मस्तकात जायची.

"तुकडा गाळून टाकू या," क्लॅरिनेटवाला म्हणाला. "नाहीतर आपलं हसं होईल."

बाईंनी शिडीकडे पाहिलं.

"मी वाजवते," शिडी म्हणाली. बोलून झाल्यावर तिचं तिलाच दचकायला झालं.

तालमीत ती घाबरली आणि सूर अर्ध्यातच तुटला. लाँड्रीत मात्र तोच तुकडा झकास वाजायचा. हे तिने मावशींना सांगितलं.

"यंत्रांच्या आडून वाजवतेस ना, म्हणून," मावशी म्हणाल्या. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने मान हलवली, आणि मावशींनी खाटखाट सगळी बटणं बंद केली.

खोली गप्प झाली. तिथे इतकी शांतता शिडीने कधी ऐकली नव्हती. बायका हातातल्या चादरी तशाच धरून उभ्या राहिल्या.

"हां, आता वाजव. आम्हाला ऐकू दे तरी, इतके दिवस काय चाललंय ते."

पहिल्यांदा सूर फाटला. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटले, पोटातून श्वास घेतला आणि शेवटपर्यंत गेली. मावशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, "अशीच रोज येत राहा. म्हशीला चारा मी घालते."

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला होता. बाबा आपली झोप मोडून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. धून सुरू झाली. तिचा तुकडा आला तशी बाकीची वाद्यं थांबली, बाईंचा हात तिच्याकडे वळला, आणि ती उभी राहिली.

पहिला सूर भरदार लागला. मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला. मधल्या एका जागी नळी किंचित पुढे गेली. तिला ते कळलं, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत तिने तो सूर ओढून अलगद जागेवर आणला. तोच ओढ घेतलेला सूर सगळ्यांत गोड वाजला. शेवटचा सूर सगळ्यांत उंच होता. तालमीत तो दरवेळी निसटायचा. या वेळी ती त्याच्यावर सरळ चढली आणि तिथेच उभी राहिली, निवांत, आणि तिच्या त्या सुरात सगळा बँड येऊन मिळाला.

टाळ्या थांबेनात. बाबा केव्हाच उभे राहिले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला दंड धरून सांगत होते, "आमची आहे! आमची!" क्लॅरिनेटवाला आपलं वाद्य काखेत मारून टाळ्या पिटत होता. बाईंनी तिला एकटीला पुन्हा उभं केलं. तिने मान लववायच्या आधी पाठ सरळ केली, अगदी जेवढी होती तेवढी उंच झाली.

पडदा पडल्यावर कॅप्टन आला. तारा चमकवत म्हणाला, "तुकडा आता तुझाच. मी परत मागणार नाही."

"मागू नकोस," शिडी म्हणाली. "बाईंना सांगू, दोन ट्रॉम्बोनची अवघड धून काढा."

आणि ती बाईंना शोधायला निघालीसुद्धा.