पांढऱ्या अंगरख्याचा संशय

मी एक म्हातारी मादी आहे, मित्रांनो, हिमघुबडाची. म्हातारी झाले ती संशयामुळेच. माझ्या चार बहिणी भोळ्या होत्या, त्या आता नाहीत.

बर्फाळ समुद्राकाठच्या उत्कियाग्विक गावाच्या दक्षिणेला, मातीच्या उंचवट्यावर मी जन्मले. आमच्या घरट्याला काडी नाही, पान नाही, नुसता खळगा. पण तिथून चहूकडे नजर ठेवता येते. उन्हाळ्यात इथला सूर्य मावळत नाही, म्हणून आम्ही उजेडातच शिकार करतो. मी दगडासारखी बसते, मान तेवढी फिरवते. गवतात लेमिंग, म्हणजे आखूड शेपटीचा गुबगुबीत उंदीर, खुसपुसला की मी निघते. पंख वाजत नाहीत, नख्या तेवढ्या पोचतात. हिवाळ्यात उंदीर मिळेनासे झाले, की समुद्राच्या बर्फावर जाऊन बदकं धरते. पायांवरही पिसं आहेत माझ्या, थंडीला मी फट ठेवलेली नाही.

एका वर्षी लेमिंग कमी होते. एरवी आठ-नऊ अंडी घालणारी मी, तीनच घातली. पोटाची उघडी कातडी टेकवून त्यांना ऊब देत बसले. माझा नर शिकार आणून द्यायचा. त्याला उशीर झाला, की मला त्याचाही संशय यायचा.

आम्ही कोल्ह्याला हुसकावतो, म्हणून रानहंस आमच्या आडोशाला अंडी घालतात. किनाऱ्यावरच्या माणसांना हे ठाऊक असतं. हंसाची अंडी हवी असली, की ती आधी मला शोधतात.

एके दिवशी तुकुम्मिक नावाची म्हातारी आली आणि तिचा भाचा कुनुयाक. देवमाशाला दिसू नये म्हणून ही माणसं बर्फावर पांढरा अंगरखा चढवतात. कुनुयाकनं इथेही तोच घातला होता.

“आत्या, तू मागं राहा. यात मी दिसतच नाही तिला.”

मित्रांनो, बर्फ कधीच वितळला होता. तपकिरी माळावर हा पांढराशुभ्र! मी घाबरून उडाले. आमचे नरही असेच पांढरेशुभ्र असतात. माझ्या नरानं वरून पाहिलं, तर त्याला घरट्याशी दुसरा नरच दिसला. तो तीरासारखा कोसळला. कुनुयाकच्या कानाजवळून रक्त आलं.

“आत्या गं! डोकं नेतोय माझं!”

“नेऊ दे, रिकामंच आहे! माळावर बर्फ कुठाय, तू बर्फ होऊन आलास तो? काढ ते आधी! तिचा दुसरा नवरा समजतोय तुला तो!”

काढताना अंगरखा डोक्याशी अडकला. म्हातारीनं तो ओढून काढला, बोळा करून काखेत मारला. तेव्हा कुठे नर मागे हटला.

“आता हंसाची अंडी घेऊ या का?”

“तिची गार पडतायत, दिसत नाही? चल गुमान.”

अंड्यांसाठी आणलेली बादली रिकामीच घेऊन दोघं पाठमोरी चालू लागली. एकदाही वळून पाहिलं नाही. मी मात्र घिरट्या घालत राहिले. पाठ फिरवणं हीसुद्धा युक्ती असेल. तिसरं कोणी गवतात दडलं असेल. वारा बोचरा होता आणि मी बघतच राहिले.

शेवटी बसले. दोन अंडी कोमट होती. त्यांतून पिल्लं निघाली. तिसरं गारच राहिलं. ते कोल्ह्यानं नेलं नाही, माणसानंही नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, माळावर घुबड उडालेलं दिसलं, तर थांबू नका. लांबूनच वळा, झपझप चालू लागा. तुम्ही भले असाल. पण ते मला पटेपर्यंत अंड्यांना धीर निघत नाही.