देवापुढचा गुलाबी हुक

"प्रॉडक्टच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा कुठला?" प्रमोद सरांनी बोर्डावर टेकडीसारखी रेघ काढून विचारलं.

जेवण झाल्यावर सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं होतं. पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. सर आमचे मॅनेजर, नाशिकचे. माणूस चांगला, पण हातात मार्कर आला की कुणाला सोडत नाहीत. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी लिहिलं 'जन्म', चढावर 'वाढ', माथ्यावर 'जोर' आणि उतारावर 'शेवट'.

"बोला, बोला. इथे चुकीचं उत्तर नसतं."

असं म्हणणाऱ्यांवर माझा शाळेपासून विश्वास नाही. नववीत बाई पण असंच म्हणायच्या आणि उत्तर दिलं की वर्गाबाहेर उभं करायच्या. म्हणून तर शाळा सोडली. आता कंपनीत पण बोर्ड आलाच.

"माथा," पॅकिंगवाल्या नलिनीमावशी म्हणाल्या. "तेव्हाच ओव्हरटाइम असतो."

सगळे हसले. आमचा सुपरवायझर हर्षल म्हणाला, "जन्म, सर. मोल्ड नीट बसला की पुढचं सगळं नीट."

"मधुरा, तू?"

"मरण," मी म्हणाले. "शेवटी सगळं माझ्याकडेच येतं ना."

मी ग्राइंडरवर असते. बाद माल, जुन्या बादल्या, मोडक्या खुर्च्या वरून टाकायच्या. खाली चुरा पडतो, त्याला आम्ही दाणा म्हणतो. तो परत वापरतात, कशात ना कशात.

"नाव मधुरा आणि तोंड बघा, लवंगी मिरची," हर्षल म्हणाला.

सर हसले नाहीत. "उत्तर चांगलंय. पण का?"

का ते मला माहीत नव्हतं. त्याचाच मला राग आला.

मग सरांनी नवा माल बघायला फिरवला. झोळीचा हुक. बाळाची झोळी टांगायला गोल फिरणारा, पांढरा, नायलॉनचा. लोखंडासारखा गंजत नाही, किरकिरत नाही, म्हणजे बाळ जागं होत नाही, असं सर सांगत होते. अजून बाजारात गेला नव्हता. माझ्या हातात आला तेव्हा मी तो नखाने वाजवून बघितला. मला सवय आहे, दिवसभर प्लास्टिकच हातात असतं. ठक्क वाजला. भरीव.

"चेतन दिसत नाही?" सरांनी विचारलं.

"हाफ डे घेऊन गेला, सर. पोराचं बारसं आहे ना आज," नलिनीमावशी म्हणाल्या. "तुम्ही दिलेला हुक टांगलाय म्हणे झोळीला. सकाळी सगळ्यांना सांगत होता."

सरांचा चेहरा फुलला. "पहिला पीस पहिल्या लेकराला!"

टाळ्या वाजल्या. माझे हात तिथेच थांबले.

तो हुक गुलाबी होता.

आमच्याकडे नवा मोल्ड, म्हणजे साचा, मशीनवर चढला की नारळ फोडतात, मशीनला कुंकू लावतात. ट्रायलचा पहिला बरा पीस निघाला की त्याला फूल वाहून देवाच्या फळीवर ठेवतात. या हुकाच्या वेळी सर पुढे झाले होते. चेतन त्या मशीनचा ऑपरेटर, नुकताच बाप झालेला. सरांनी फळीवरून हुक उचलला आणि त्याच्या हातात दिला. चेतनचे डोळे भरून आले होते. मी लांबून बघत होते, हातात रिकामी गोण. माझ्याच दाण्याची गोण. ती मशीनवर नेऊन दिलेली मीच.

तेवढ्यात सरांना मुंबईचा फोन आला, ते बाहेर गेले आणि बघता बघता त्यांची गाडी गेटबाहेर पडली. मी हर्षलला गाठलं.

"ट्रायलला नायलॉन टाकलं होतं?"

"वेडी का? ट्रायलला नायलॉन कोण टाकतं? किती महाग आहे. नुसता मोल्ड भरतो का ते बघायचं होतं. तुझाच दाणा टाकला, दिसायला बरा म्हणून गुलाबी रंग मारला."

"मग तो झोळीला टांगलाय ना!"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "हळू बोल. तो फळीवरच राहायचा असतो. सर एकदम उचलून देतील हे मला काय माहीत? फूल वाहिलेला पीस, चेतन रडायला लागलेला. त्यात मी म्हणू, सर, हे भंगार आहे?"

"हो! म्हणायचं!"

"काही होत नाही गं. पोराचं वजन ते केवढं."

"सरांना फोन लाव."

"ड्रायव्हिंग करतायत. संध्याकाळी लावतो."

चेतनला मी फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. परत लावला. परत तेच. बारशाच्या घरात फोन कोण उचलतं?

गेटवर वॉचमनने पास मागितला. "पोटात दुखतंय," मी म्हणाले. "कुठे दुखतंय ते पण दाखवू?" तो बिचारा बाजूला झाला.

गलोंड्याच्या नाक्यावर एकच शेअर रिक्षा उभी होती. मी बसले. ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत होता.

"भैया, किलवणी. चलो ना."

"बेन, सवारी तो आने दो."

"मैं दो बार बैठती हूँ, चलो!"

तो हसला. त्याला वाटलं गंमत करतेय. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि तंबाखू तशीच तोंडात टाकून किक मारली. "कोई बीमार है क्या?"

"अभी नहीं," मी म्हणाले. असं कसं तोंडातून निघालं मलाच कळलं नाही.

रस्त्यात ट्रक पुढे, धूळ मागे. मी सारखा चेतनला फोन लावत होते. डोक्यात नुसता हुक. माझा दाणा कसा असतो मला माहीत आहे. त्यात अर्धी उन्हाने खाल्लेली खुर्ची असते, अर्धी कुणाच्या तरी बाथरूममधली बादली. वळवलं की कधी वाकतो, कधी कट्कन जातो. कधी जाईल ते सांगता येत नाही, हीच तर भीती. पुन्हा वाटायचं, हर्षलचंच बरोबर असलं तर? एवढंसं बाळ. मी नुसती नाचत जाणार आणि सगळे हसणार. मग वाटायचं, हसू देत.

सरांच्या टेकडीचा पण राग येत होता. जन्म, वाढ, जोर, शेवट. हा हुक त्या रेघेवर होता कुठे? तो तर जन्मायच्या आधीच घरी गेला होता. आणि त्या रेघेवर बाळ तरी कुठे होतं?

चेतनची खोली चाळीत शेवटची. दारात चपलांचा ढीग. आत बायका दाटीवाटीने बसलेल्या. वरच्या लोखंडी अँगलला दोरी, दोरीला गुलाबी हुक, हुकाला नव्या साडीची झोळी. झोळी हलत होती. म्हणजे बाळ आत होतं. चेतनची आई, आक्काबाई, झोळीची दोरी हातात धरून झोका देत होती, आणि एक बाई वाकून बाळाच्या कानात नाव सांगायला निघाली होती.

"थांबा!" मी ओरडले.

आक्काबाईच्या हातातली दोरी सुटली. मग बाळ रडायला लागलं.

"कोण व माय ही?" आक्काबाई म्हणाली. "बारशाच्या घरात असं किंचाळतात?"

मागून चेतन आला, नवा शर्ट, कपाळाला कुंकू. "मधुरा? काय झालं? कंपनीत काही झालं का?"

"बाळाला बाहेर काढ. तो हुक ट्रायलचा आहे. भंगाराच्या दाण्याचा आहे. माझ्या दाण्याचा."

चेतन सगळ्यांकडे बघून हसला, उगाच. "अगं, सरांनी स्वतः दिलाय."

"सरांना माहीत नव्हतं. हर्षलला विचार."

"देवापुढून उचललेला हुक आहे तो," आक्काबाई म्हणाली. "भंगार म्हणतेस? जीभ आहे का काय आहे?"

"देवापुढे ठेवल्याने तो नायलॉनचा होतो का?"

हे बोलायला नको होतं. एक बाई 'अगं बाई' म्हणाली. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, हिला बसवा, पाणी द्या, ऊन लागलंय.

चेतनची बायको जुई भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा फिकट. ती हात टेकत उठली, झोळीतून बाळ काढलं आणि छातीशी धरलं. बाळ गप्प झालं.

"जुई, ठेव परत त्याला," आक्काबाई म्हणाली. "नाव अर्धं राहिलंय."

"थांबा आई," चेतन म्हणाला. "हिची खात्री करूनच टाकू." त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोन्ही हातांनी झोळी धरली, पाय वर उचलले आणि लटकला. आख्खा माणूस. झोका घेतला. वरचा अँगल करकरला, हुक नाही.

बायका हसल्या. एक पोरगी म्हणाली, "काका, तुमचं पण बारसं करून टाकू."

आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, तुटावा. आत्ता, सगळ्यांसमोर, कट्कन. चेतन आपटला तरी चालेल. तो तुटला नाही. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. जावं असं वाटलं. पण मी वर बघत राहिले, कारण झोळी हलायची थांबली होती आणि उजेड आता सरळ हुकावर पडत होता.

हुक जिथे वळतो तिथे एक पांढरी रेघ होती. केसाएवढी.

मी तिथलं स्टूल ओढलं, वर चढले. रेघेवर बोट फिरवलं. थुंकी लावून पुसलं. गेली नाही.

"चेतन, ये इकडे. हे बघ."

"डाग असेल."

"वर ये आणि बघ."

तो वर चढला आणि त्याने रेघेवर नख फिरवलं. चेतन ऑपरेटर आहे. प्लास्टिक ताणलं की तुटायच्या आधी पांढरं पडतं, हे त्याला मी सांगायला नको.

"काय आहे?" आक्काबाईने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. चपलांच्या ढिगापाशी.

"सगळ्या नातेवाईकांसमोर माझी इज्जत काढलीस तू. नंदुरबारहून माणसं आलीत."

"मग फोन का नाही उचलला?"

"तुटला का हुक? सांग, तुटला का?"

"नाही."

"मग?"

 तो खालीच बघत होता. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "काल टांगला तेव्हा पण लटकलो होतो मी. खात्रीसाठी. त्याआधी रेघ नव्हती. आज सकाळी दिसली."

 "दिसली होती? आणि तरी बाळाला टाकलंस?"

"वाटलं उजेडामुळे दिसत असेल. आई सगळ्यांना सांगत होती, कंपनीच्या मोठ्या साहेबांनी देवापुढचा दिला, आमच्या पोराचा मान. काय सांगू तिला? आणि आत्ता परत लटकलो. रेघ वाढली असेल ना?"

"वाढली असेल."

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. कुंकू गालापर्यंत पसरलं. "मी आत जाऊन काय म्हणू?"

"जे मला सांगितलंस ते."

"तू सांग ना."

"माझं कोण ऐकतं? मला ऊन लागलंय."

तो जरासा हसला आणि आत गेला. मी दारातच उभी. आवाज ऐकू येत होते. तो म्हणाला, "आई, हुक उतरवतो. मला सकाळीच दिसलं होतं, मी बोललो नाही." मग आक्काबाईचा आवाज चढला, त्या पोरीने तुझे कान भरले, मानाने मिळालेली वस्तू अशी उतरवतात का, अपशकुन होतो.  मला वाटलं, झालं, हा आता माघार घेणार.

तेवढ्यात जुईचा आवाज आला. फार हळू, पण सगळे गप्प होते म्हणून कळला. "आई, ह्यांनी हुक उतरवला काय आणि नाही काय, मी बाळ त्याच्यात ठेवणार नाही. नाव मांडीवर ठेवा."

"मांडीवर कुणी बारसं करतं का?"

"मग दोरी बांधा. मी बसते तोवर."

मी आत डोकावले. चेतन स्टुलावर चढून हुक सोडवत होता. आक्काबाई तोंड फिरवून बसली होती, पण तिने स्वतःच बाजूच्या बाईला सांगितलं, "ती पाणी शेंदायची दोरी आण. जाड आहे." हुक खाली आल्यावर तिने तो चेतनच्या हातातून काढून घेतला आणि पदरात धरून बसली. मी तोंड उघडलं. जुईने माझ्याकडे बघून मान हलवली, आत्ता नको.

मग जुई म्हणाली, "हात धुऊन ये आणि ह्याला धर. मला झोळीची साडी नीट करायचीय."

"मी? मला नाही येत."

"मानेखाली हात घाल. एवढंच."

मी हात धुतले, साबणाने, दोनदा. बाळ माझ्या हातात दिलं. एवढं हलकं. हर्षलचं खरं होतं, वजनच काय ते. आणि तेवढ्यासाठीच मी दुसरा हात पण त्याच्या खाली लावला. मी श्वास पण हळू घेत होते. त्याने डोळे उघडले, कुठेच बघितलं नाही, परत मिटले.

वर चेतन अँगलला दोरी बांधत होता. एक गाठ मारली, ओढून बघितली.

"अजून एक मार," मी म्हणाले.

त्याने मारली.

"ती डावीकडची सैल आहे."

"बाई गं," आक्काबाई म्हणाली, "तू ये ना वर आणि बांध." पण ती पण वरच बघत होती.